काकाचं रबर आणि अकरा सह्या

पत्रक लिहायला मी शिकले ती नळासाठी. घाटकोपरला आमच्या वस्तीत आठ दिवस पाणी नव्हतं आणि वॉर्ड ऑफिसातला साहेब "तांत्रिक कारण" एवढंच बोलून पंखा मोठा करायचा. मी बारावीत होते. पानभर मजकूर लिहिला, एका बाजूला छापलेला, वाचायला दोन मिनिटं, खाली सह्यांसाठी रेघा. वस्तीनं सह्या केल्या आणि पाणी आलं. मग देवनारच्या धुरावर लिहिलं, मग संडासांच्या दारांवर, मग बिल्डरनं अडवलेल्या रस्त्यावर. दरवेळी जिंकलो नाही, पण माझा एक समज पक्का झाला. अन्याय स्वच्छ शब्दांत मांडायचा, खाली भरपूर सह्या घ्यायच्या, की समोरच्याकडे उत्तर नसतं.

हा समज माझ्या काकाच्या धंद्यावर बेतणार होता.

काका म्हणजे बाबांचा धाकटा भाऊ. एकविसाव्या वर्षी एका टेम्पोनं त्याचा डावा पाय गुडघ्याखाली घेतला. तेव्हा तो अंधेरीत रबराच्या कंपनीत साच्यांवर कामाला होता. कृत्रिम पाय मिळाला, पण त्याच्या आत घालायचा मोजा, ज्याला लायनर म्हणतात, तो त्याला छळायचा. उरलेला पाय आणि कडक प्लास्टिकचा सॉकेट यांच्यामध्ये हे मऊ रबर असतं. ते धड नसेल तर पाय असून माणूस बसूनच राहतो. काकानं काही वर्षं शिव्या दिल्या आणि मग स्वतःच लायनर बनवायला घेतला. आज अंधेरी पूर्वेला एका इंडस्ट्रियल इस्टेटीत तिसऱ्या मजल्यावर त्याचा गाळा आहे. चार माणसं कामाला, एक ओव्हन, एक हवा काढायचं मशीन, भिंतीला पायांच्या प्लास्टरच्या साच्यांची रांग.

गाळ्याचा एक नियम आहे. नव्या बॅचचा पहिला नग काकाच्या मापाचा. तो काकानं दिवसभर घालायचा, जिने चढायचे, घाम काढायचा आणि संध्याकाळी कातडी बघायची. त्याशिवाय त्या बॅचचा एकही नग बाहेर जात नाही. मी लहानपणी विचारायचे, "काका, आज कुठला पाय?" तो म्हणायचा, "आज नवीन बॅचचा पाय. कुरकुरतोय लेकाचा."

दोन वर्षांपूर्वी या गाळ्यावर एका वकिलाचं पत्र आलं. एका मोठ्या कंपनीनं लायनरच्या रबरासाठी पेटंटचा अर्ज केला होता. अर्ज अजून मंजूर नव्हता, पण होईल असं पत्रात धरूनच चाललं होतं, आणि झाल्यावर तुमचा माल आमच्या हक्कावर अतिक्रमण ठरेल, असं सभ्य भाषेत लिहिलं होतं. त्याच पत्राची प्रत काकाच्या सगळ्यात मोठ्या गिऱ्हाइकालाही गेली होती. ते म्हणजे कृत्रिम पाय बसवणारं एक केंद्र. त्यांनी फोन केला, "तुमच्यावर आमचा विश्वास आहे हो, पण हे मिटेपर्यंत ऑर्डर थांबवतो."

काका माझ्याकडे आला. मी वाकोल्याला एका छोट्या संस्थेत काम करते. औषधं आणि उपचाराच्या वस्तू यांवरच्या मक्तेदारीविरुद्ध आम्ही लढतो. एक खोली, दोन कॉम्प्युटर आणि खाली सतत हॉर्न. काकानं पत्र टेबलावर ठेवलं आणि म्हणाला, "तू हेच करतेस ना? मग कर."

पेटंट म्हणजे सरकारनं वीस वर्षांसाठी लावून दिलेला 'हात लावू नये' असा बोर्ड. कुणी खरंच नवीन काही शोधलं तर लावा की बोर्ड, माझं भांडण नाही. पण जे जगाला माहीत आहे त्याच्याभोवती कुंपण घालायचं आणि आत उभ्या असलेल्या माणसाला घुसखोर म्हणायचं, याला मी चोरी म्हणते. अर्ज जाडजूड होता. त्यातलं भांडण शेवटच्या दोन पानांत असतं. तिथे नंबर घालून दावे लिहिलेले असतात, आणि प्रत्येक दावा म्हणजे एकेक कुंपण. पहिला सगळ्यात मोठा, पुढचे त्याच्या आतले लहान. यांचा पहिला दावा एवढा मोठा होता की काकाचा अख्खा गाळा त्यात मावत होता.

रबराचं थोडं सांगते, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. काकाचं सिलिकॉन रबर दोन डब्यांतून येतं, ए आणि बी. दोन्ही ढवळायचं, हवा काढायची, साच्यात ओतायचं आणि गरम करायचं. आतल्या लांब साखळ्या एकमेकींना आडव्या जोडल्या जातात आणि काकवीसारखा माल रबर होऊन बसतो. आडवे जोड जास्त झाले की रबर कडक. म्हणून ते मऊ व्हावं यासाठी त्यात तेल घालायची पद्धत होती. पण तेल साखळीला बांधलेलं नसतं. घाम आला, वजन पडलं की ते हळूहळू बाहेर येतं. मग कातडी चिकट, मग पुरळ, मग जखम. काकानं तेल काढून टाकलं. आडवे जोड देणारं द्रव्य थोडं कमी केलं आणि त्याच्या जागी साखळी नुसती लांब करणारं दुसरं द्रव्य घातलं. जोड कमी, साखळी लांब, रबर मऊ, तेल नाही.

कंपनीचा पहिला दावा नेमका हाच होता. लायनरसाठी तेलाशिवाय मऊ राहणारं, साखळी लांब करणारं द्रव्य घातलेलं रबर.

मी पेटले. कायद्यात पेटंट मंजूर होण्याआधी कोणीही हरकत घेऊ शकतं. 'कोणीही' हा शब्द वाचून मला आमच्या वस्तीचा चौक आठवला. आणि हरकतीच्या कारणांत एक कारण असं होतं की, त्या कामातल्या जाणकाराला हे सहज सुचलं असतं, यात शोध असा काही नाही. म्हटलं, झालं! सहज सुचण्यासारखंच तर आहे. गाळ्यात सगळ्यांना माहीत आहे.

मग मी तेच केलं जे मला येत होतं. एक मजकूर लिहिला: 'आम्ही या व्यवसायाशी संबंधित असून तेलाऐवजी हे द्रव्य वापरल्यास रबर मऊ होते, हे आम्हाला अनेक वर्षांपासून माहीत आहे.' त्याची प्रतिज्ञापत्रं केली आणि सह्या गोळा केल्या. काकाची, चार कामगारांची, साचे करणाऱ्या मेकॅनिकची, शेजारच्या गाळ्यातल्या तिघांची. नऊ झाल्या. मला आकडा आणखी मोठा हवा होता. समोर रेक्झिनच्या बॅगा शिवणारे एक मामा होते, त्यांनी विचारलं, "पोरी, माझी पण चालेल काय?" मी म्हटलं, "मामा, तुम्ही रोज बघता ना काकाचं काम?" ते म्हणाले, "बघतो की! दार उघडंच असतं." त्यांनी सही केली आणि त्यांच्या भाच्यानंही केली.

अकरा झाल्या. मी हरकत दाखल केली आणि त्या दिवशी काकाला सांगितलं, "झकास झालंय. आता बोलून दाखव म्हणावं."

ते बोलले.

कंपनीचं उत्तर काही आठवड्यांनी आलं. त्यात शिवीगाळ नव्हती, आवाज चढवलेला नव्हता, आणि ते वाचताना माझे कान गरम होत गेले. अकरा प्रतिज्ञापत्रं, सगळ्यांचा मजकूर शब्दशः एक. अकरापैकी दोघांचा व्यवसाय बॅगा शिवण्याचा. एक कामगार अर्जाच्या तारखेनंतर कामाला लागलेला, मग त्याला 'अनेक वर्षांपासून' काय माहीत होतं? आणि तेलाशिवायचा लायनर विरोधकांच्या गाळ्यातून विक्रीला बाहेर पडला तो कंपनीच्या अर्जानंतर काही महिन्यांनी, हे विरोधकांच्याच माहितीपत्रकावरून दिसतं. खाली एक ओळ होती: हा पुरावा नसून सह्यांची मोहीम आहे.

त्या ओळीत चूक काहीच नव्हतं, म्हणून ती जास्त लागली.

आमच्या संस्थेच्या वकिलानं मला मुलुंडला एका बाईंकडे पाठवलं. जन्मभर त्यांनी कंपन्यांसाठी पेटंटचे अर्ज लिहिले होते. रसायनशास्त्र शिकलेल्या, आता निवृत्त. घरात पुस्तकं, कुंड्या आणि कमालीची शिस्त. मी मनात म्हटलं, शत्रूच्या गोटातल्या दिसतात. त्यांनी माझी फाइल चाळली, चष्मा काढला आणि विचारलं, "हे काय आहे? मोर्चा?"

"लोकांचा आवाज आहे, मॅडम."

"आवाज ऐकू आला. पुरावा कुठे आहे?"

"पण हे उघडच आहे ना! इतकं सोपं आहे की कुणालाही सुचेल."

"तुला कधी सुचलं?"

मला कधीच सुचलं नव्हतं. काकानं सांगितलं म्हणून कळलं होतं.

"पुस्तकाच्या मागचं उत्तर बघून गणित सोडवलंयस तू," त्या म्हणाल्या. "मग गणित सोपंच वाटणार. इथे उत्तर झाकायचं असतं. अर्जाची तारीख घे. त्या तारखेला भिंत समज. भिंतीच्या अलीकडे छापलेलं, वापरलेलं, लोकांना माहीत असलेलं काय होतं तेवढंच बघायचं. मग तिथे एक माणूस उभा करायचा, या कामातला जाणकार. त्याला अडचण काय होती? हातात काय काय होतं? आणि हातातल्या दोन गोष्टी जोडाव्यात असं त्याला का वाटलं असतं? जोडल्यावर काम होईल अशी त्याला खात्री का वाटली असती? रागावून हे सिद्ध होत नाही गं."

मी म्हटलं, "मग काकालाच उभा करू. त्यानं तर भिंतीच्या अलीकडे असतानाच करून बघितलं होतं, स्वतःच्या पायावर."

"गाळ्याच्या आत केलेलं जगाला माहीत नव्हतं. ते नाही चालत. शिवाय तुझा काका फार हुशार दिसतो."

"मग बरंच आहे की!"

"मुळीच नाही. कायद्याला हुशार माणूस नकोच असतो. त्याला साधा माणूस हवा. सगळं वाचलेला, हात चांगला असलेला, पण डोक्यात कल्पनेचा किडा नसलेला. तुझ्या काकाला सुचलं म्हणून सगळ्यांना सुचलं असतं असं होत नाही. मला सांग, त्याला हे कुठून सुचलं?"

हा प्रश्न मी काकाला एकदाही विचारला नव्हता. वस्तीतल्या प्रत्येक बाईला मी विचारते, पाणी कधी गेलं, किती वाजता गेलं, कुणी सांगितलं. घरच्या माणसाला काय विचारायचं, त्याचं तर सगळं माहीतच असतं, असं धरून चालले होते.

दुसऱ्या दिवशी गाळ्यावर गेले. काका ओव्हनसमोर बसला होता.

"काका, ते दुसरं द्रव्य घालायचं तुझ्या डोक्यात कसं आलं?"

"माझ्या डोक्यात कशाला येईल? कागदावर होतं."

"कुठल्या कागदावर?"

"अगं, गोरेगावला प्रदर्शन भरतं ना प्लास्टिक-रबरवाल्यांचं. तिथे कच्चा माल विकणारे कागद वाटतात. पिशवी भरून आणतो मी दरवेळी. त्यात होतं."

"हे तू मला आधी का नाही सांगितलंस?"

"तू विचारलंस कुठे? तू तर सही मागायला आलेलीस."

त्यानं कपाटातून एक फुगलेला प्लास्टिकचा फोल्डर काढला. अर्धा दिवस गेला, पण कागद सापडला. चार पानी, गुळगुळीत, रंगीत. सिलिकॉनची द्रव्यं विकणाऱ्या एका डीलरचं माहितीपत्रक. तिसऱ्या पानावर साखळी लांब करणाऱ्या त्या द्रव्याचं नाव होतं आणि खाली सरळ लिहिलं होतं की, मऊ रबर हवं पण तेल बाहेर यायला नको असेल, तर आडवे जोड देणाऱ्या द्रव्याचा काही भाग काढून हे घाला. सोबत प्रमाणाचा तक्ता. उदाहरण म्हणून बुटांच्या आतल्या गाद्या आणि यंत्रांखालच्या गाद्या दिल्या होत्या. कंपनीचा पहिला दावा मला त्या तक्त्यात झोपलेला दिसला.

पण तारीख नव्हती. काकाला वाटत होतं तो कागद खूप जुना आहे. 'वाटणं' भिंतीवरून उडी मारत नाही, एवढं मी एव्हाना शिकले होते.

हे मात्र माझं रोजचं काम होतं. पत्रक कुणी लिहिलं, कधी वाटलं, हे पत्रकावर नसतं; पण ते छापलं कुठे, हे बहुतेक वेळा असतं. पोलीस विचारतात म्हणून प्रेसवाले सवयीनं टाकतात. मी कागद खिडकीशी नेला आणि शेवटच्या पानाची खालची कड बघितली. तिथे मुंगीएवढ्या अक्षरांत प्रेसचं नाव, कामाचा नंबर, महिना आणि वर्ष होतं. अर्जाच्या तारखेच्या तीन वर्षं आधीचं.

मी ओरडले. काकानं हातातला चमचा खाली ठेवला. "काय झालं गं? साप निघाला काय?"

प्रेस अंधेरीतच, पश्चिमेला. मालकाला मी आमची पत्रकं कुठे छापते ते सांगितलं, तर तो त्या प्रेसवाल्याला ओळखत होता आणि त्याच्या छपाईला नावं ठेवून मोकळा झाला. मग त्यानं नमुन्यांची फाइल काढली. प्रत्येक कामाची एक प्रत, कामाच्या नंबरानं आणि तारखेनं लावलेली. आमचा कागद तिथे होता. प्रदर्शनात वाटण्यासाठी म्हणून गिऱ्हाइकानं दिलेली चिठ्ठीही मागे टाचलेली होती. त्यानं स्वतःच्या शब्दांत प्रतिज्ञापत्र करून दिलं. मी फक्त ऐकलं आणि लिहून घेतलं, एक शब्द आपला घातला नाही. मला ते किती जड गेलं ते मलाच माहीत.

मुलुंडच्या बाईंनी कागद उलटसुलट बघितला आणि पहिल्यांदा हसल्या. "हं. आता बोल." त्यांनी एक जुनं पाठ्यपुस्तकही शोधून ठेवलं होतं, त्यात लायनरमधून तेल सुटतं ही अडचण साफ लिहिलेली होती. अडचण एका कागदावर, उपाय दुसऱ्यावर, दोन्ही भिंतीच्या अलीकडे. आता हवा होता एकच साक्षीदार, जो सांगेल की या कामातला माणूस दुसरा कागद का उचलतो. आणि तो काका.

"अकराच्या अकरा मागे घ्यायची," त्या म्हणाल्या, "आणि काकांचं एक नवीन करायचं. खरं खरं. आणि त्या सातव्या दाव्याचं काय करतेस?"

सातवा दावा लहान होता. पहिल्या दाव्यातल्याच रबरात एक विशिष्ट खनिज पावडर, अगदी थोड्या प्रमाणात. कंपनी म्हणत होती की त्यानं रबर मऊच राहतं आणि तरी फाटत नाही. मी माझ्या हरकतीत एका ओळीत उडवला होता: 'हेही तसेच उघड आहे.'

काका म्हणाला, "करून बघू ना. पावडर मिळते."

त्यानं तीन वाट्यांत तीन प्रमाणांत माल ढवळला आणि पट्ट्यांच्या साच्यांत ओतला. ओव्हनमध्ये टाकताना म्हणाला, "कडक होणार बघ. पावडर टाकली की रबर कडक होतं, हे शेंबडं पोर सांगेल." मेकॅनिक म्हणाला, "विटा होतील, विटा." तीनही पट्ट्या बाहेर आल्या. काकानं पहिली वाकवली. मग दुसरी ओढली. मग कडेला ब्लेडनं चीर देऊन ती दोन हातांनी ताणली. आमची नेहमीची पट्टी अशा वेळी चिरेपासून सरळ फाटत जाते. ही ताणली गेली आणि थांबली. काकानं पुन्हा ओढली. मग तो चक्क हसायला लागला.

"आयला! मऊच आहे की."

"म्हणजे?"

"म्हणजे हे मला नसतं सुचलं. पावडर मी मऊपणासाठी जन्मात टाकली नसती. कुठल्या कागदातही नाही. यांनी काहीतरी केलंय खरं."

"काका, तू प्रतिज्ञापत्रात हे लिहिणार नाहीस."

"का?"

"का म्हणजे? त्यांनी तुझी ऑर्डर थांबवली. तुला घुसखोर म्हणाले. आणि तू त्यांना शाबासकी देतोस?"

"कंपनीला कुठे देतोय? ज्यानं वाटीत पावडर ढवळली त्याला देतोय. तो पण पगारीच असेल कुणीतरी, माझ्यासारखा. साहेबानं वेड्यात काढला असेल आधी."

"पहिल्याबरोबर सातवाही पडू शकतो, काका. तू फक्त म्हण की करून बघितलं असतं."

"पण नसतं ना बघितलं." तो आवाज न चढवता बोलत होता, आणि तेव्हाच मला कळलं की हे हलणार नाही. "हे बघ, तू मागच्या वेळी माझी सही घेतलीस, मी न वाचता दिली. त्यांनी आपली इज्जत काढली आणि ते बरोबर होते. आता सही माझी आहे ना? मग मजकूर पण माझा."

"हरलो तर गाळा बंद होईल."

"होईल. मला माहीत नाही काय?"

मी दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही. बाबांनी घरी विचारलं, "काय झालं तुमचं?" मी सांगितलं. ते म्हणाले, "तो असाच आहे," आणि पेपर वाचायला लागले. आमच्या घरात याला सल्ला म्हणतात.

मुलुंडच्या बाईंना मी तक्रारीच्या सुरात सांगितलं. त्या म्हणाल्या, "मला तुझा काका आवडायला लागलाय. सातवा सोडून दे. त्याचा माल सातव्यात येतो का?"

नव्हता येत. काका पावडर वापरतच नव्हता. त्याचं जगणं पहिल्या दाव्यावर अडलं होतं. मी सातव्याशी भांडत होते ती सगळं जिंकायच्या सवयीनं.

आम्ही अकरा प्रतिज्ञापत्रं मागे घेतली आणि उशिरा पुरावा आणायची परवानगी मागितली, ती मिळाली. सुनावणी दुपारी, व्हिडिओवर. आमच्या बाजूनं बोलायचं मुलुंडच्या बाईंनी कबूल केलं होतं. बाईंच्या जेवणाच्या टेबलावर आम्ही तिघं एका लॅपटॉपसमोर दाटीवाटीनं बसलो होतो. काकानं इस्त्रीचा शर्ट घातला होता. कंपनीचे वकील तयारीचे होते. पहिल्याच मिनिटाला अकरा प्रतिज्ञापत्रांवर आले. बाई म्हणाल्या, "ती मागे घेतली आहेत. ती चूक होती." एवढंच. मला वाटलं होतं यावर भूकंप होईल. वकिलांनी फक्त पान उलटलं.

मग ते म्हणाले की, माहितीपत्रक बुटांच्या गाद्यांचं आहे, लायनर बनवणारा ते का वाचेल? आज उत्तर माहीत आहे म्हणून विरोधकांना ते सोपं दिसतंय. बाईंनी मला सुनावलं होतं तेच आता शत्रूच्या तोंडून ऐकू आलं. बाईंनी काकाचं प्रतिज्ञापत्र वाचून दाखवलं. त्यात काकानं लिहिलं होतं की, या धंद्यातला माणूस प्रदर्शनात फिरतो तो वस्तूची नावं वाचत नाही, अडचणीची नावं वाचतो. तेल सुटू नये असं जिथे लिहिलंय तिथे लायनरवाला थांबतोच, मग ती गादी बुटाची असो की मशीनची. बुटातही पायच असतो.

स्क्रीनवरच्या नियंत्रक साहेबांनी, म्हणजे निकाल देणाऱ्या पेटंट ऑफिसातल्या अधिकाऱ्यांनी, काहीतरी टिपून घेतलं. मग म्हणाले, "परिच्छेद नऊमध्ये तुमचा साक्षीदार म्हणतो की सातवा दावा त्याला सुचला नसता. हे तुम्हाला मान्य आहे?"

"मान्य आहे, सर."

वकिलांनी ती संधी सोडली नाही. "म्हणजे शोध आहे हे विरोधक कबूल करतात."

"सातव्यात," बाई म्हणाल्या. "पहिल्यात नाही. जो माणूस तुमच्या बाजूचं खरं सांगतो, तो स्वतःच्या बाजूचं खोटं सांगतोय असं तुम्ही म्हणणार का?"

यावर ते काय म्हणाले ते मला नीट आठवत नाही. काकाचा हात टेबलाखाली पायाच्या सॉकेटवर होता आणि बोटं घट्ट होती, तेवढं आठवतं.

त्यानंतरचे आठवडे गाळ्यात फुटकळ काम चाललं. दोन कामगारांनी दुसरीकडे विचारायला सुरुवात केली होती आणि काकानं ते स्वतःहून मला सांगितलं, त्यांच्या बाजूनं. मी पत्रकं लिहिणं थांबवलं नाही, थांबवणारही नाही. पाणी सह्यांनी येतं आणि ते आलंच पाहिजे. पण रबराचा निकाल सह्यांनी लागत नाही. ज्याला हे आधी कळतं तो शहाणा. मला ते कंपनीच्या वकिलाकडून शिकावं लागलं याचा मला अजून राग आहे.

निर्णय आला तेव्हा मी वाकोल्याच्या ऑफिसात होते. आधी शेवटचं पान वाचलं, मग पहिल्यापासून. पहिला दावा फेटाळला: माहितीपत्रक आणि पाठ्यपुस्तक समोर ठेवल्यावर जाणकाराला हे सहज सुचलं असतं. पावडर असलेलं रबर तेवढं मंजूर, त्याच प्रमाणात, त्याच कुंपणात. मी काकाला फोन लावला. मागे हवा काढायचं मशीन घरघरत होतं.

"काका, पहिला पडला."

"काय?"

"पहिला पडला रे! तुझं रबर मोकळं आहे."

मशीन बंद झालं.

"आणि ती पावडर?"

"ती त्यांची. वीस वर्षं. हात लावायचा नाही."

"असू दे. त्यानं शोधलीय." मग त्याचा आवाज फोनपासून लांब गेला, तो गाळ्यात कुणाला तरी हाक मारत होता. परत आला. "तो कागद मला पाठव, सहीशिक्क्याचा. केंद्रवाल्यांना देतो. आणि ऐक, आता फोन ठेव. साचे काढायचेत सगळे, धूळ बसलीय."